हवालदाराची मान

हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणूनच सांगतो. लोकांचा विश्वास बसेल असं सांगायला वर्तमानपत्रं आहेत. त्यासाठी माझ्यासारख्या म्हाताऱ्याने तोंडाची वाफ कशाला दवडायची?

कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरकीत माझी हयात गेली. मालकाचा पाय मोडला म्हणून लंगडणारा कुत्रा मी पाहिलाय. मालकाचं प्लास्टर काढलं त्या दिवशी तोही चारी पायांवर धावला. आरशातल्या स्वतःवरच जळून अन्न सोडलेली कुत्री पाहिलीय. तिला औषध दिलं नाही, आरशावर चादर टाकली. एका मांजराला तर मालकिणीच्या नवऱ्याचीच ॲलर्जी होती. नवरा घरात शिरला की मांजर शिंकायचं, आणि नवरा म्हणायचा, बघा, हिच्या माहेरचंच दिसतंय. पण ही सगळी चिल्लर. बंदा रुपया एकच, तो हवालदार.

आता दवाखाना सूनबाई चालवते. मला तिने एकच काम ठेवलंय: बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींना आतल्या दाराशी घुटमळू द्यायचं नाही. "बाबा, तुम्ही बोलत बसा," म्हणते. इतकं मनासारखं काम मला उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं.

परवा बाकावर दोघंच होती. एक शिंपी, त्याच्या कुत्र्याने शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान गिळलं होतं, पण कुत्रा मजेत होता आणि शिंपीही. दुसऱ्या मास्तरीणबाई. त्यांची म्हातारी मांजर आत टेबलावर सलाईन लावून पडली होती, मान गळून छातीला टेकलेली. बाई बसायच्या, उठायच्या, बंद दाराकडे बघायच्या, पुन्हा बसायच्या. तोंडातून अक्षर नाही. पदराचं टोक पिळून पिळून त्याची वात झाली होती.

"बसा बाई," मी म्हणालो. "मान गळलेली मांजरं मी पाहिलीत. एकापायी तर मी कोंडला गेलो होतो."

"मांजराने कोंडलं?" शिंपी म्हणाला.

"कोंडलं मालकाने. पण निमित्त मांजर."

"मग सांगा की. माझ्या कुत्र्याला काही घाई नाही. अंगुस्तान येईल तेव्हा येईल."

बाई बसल्या. एवढं मला पुरे होतं.

तर आमच्या भागात एक जेलरसाहेब राहायचे. टोपणनाव नव्हे, खरोखरचे जेलर, निवृत्त झालेले. निवृत्तीच्या दिवशी लोक घड्याळ घेतात, आरामखुर्ची घेतात. ह्या गृहस्थांनी मागून घेतलं एका मोडीत निघालेल्या कोठडीचं दार, कुलपासकट. ते लोखंडी दार त्यांनी आपल्या घराला बसवलं. आत यायलाही किल्ली, बाहेर जायलाही किल्ली. पाहुणा आत आला की मागे किल्लीचे दोन वेढे. पाहुणा हसला की म्हणायचे, "सवय आहे." पाहुणा पुन्हा हसायचा, पण जरा कमी.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर छापखाना. यंत्रं सुरू झाली की जेलरसाहेबांच्या घरातल्या कपबशा आपापसात बोलायला लागायच्या. घरात माणसं दोनच: जेलरसाहेब आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. बायको त्यांनी केली नाही, आक्का म्हणायची, "केली असती तरी पॅरोलवर माहेरी गेली ती परत आली नसती."

आणि तिसरा हवालदार. राखाडी बोका, खांद्यात रुंद, मिशा अशा की सलाम ठोकावा. जेलरसाहेब जगात कुणाशी गोड बोलत असतील तर ह्याच्याशी. त्यांच्या पायाशी झोपायचा, त्यांच्या ताटाशी जेवायचा. त्याचं आणि माझं मात्र जुनं वैर. कारण बायामाणसांसमोर कसं सांगू? एवढंच सांगतो, तो तारुण्यात पाऊल टाकायच्या आत जेलरसाहेब त्याला सकाळी माझ्या टेबलावर ठेवून गेले आणि संध्याकाळी घेऊन गेले, आणि मधल्या वेळात त्याच्या संसाराचं दुकान मी कायमचं बंद केलं. तेव्हापासून मी दिसलो की कान मागे टाकून माझ्याकडे असा बघायचा, की तारीख पडायचीच काय ती बाकी.

शिंपी खो खो हसला. बाई दाराकडे बघत होत्या.

एके दिवशी सकाळी दवाखान्यात फोन वाजला. छापखान्यातून आक्का. जेलरसाहेबांच्या घरी फोन नव्हता. तुरुंगातल्या माणसाला फोन कशाला, असं असेल. मागे यंत्रांची धडधड, आक्का जिवाच्या आकांताने ओरडतेय, आणि माझ्या कानात आलं ते एवढंच: "डॉक्टर... हवालदाराने... मान टाकली हो!"

मी म्हणालो, "अरेरे." फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा, मान टाकली म्हणजे काय? कुणीही म्हणेल, संपला कारभार. मीही तेच समजलो. वैरी असला तरी मेल्यावर कसलं वैर! कंपाउंडरला सासुरवाडीला जायचं होतं, त्याला म्हटलं जा. बॅग टेबलावरच ठेवली, तिचं आता काय काम? कोपऱ्यातलं फावडं घेतलं, औषधांचं एक रिकामं खोकं घेतलं आणि चेहरा शक्य तितका लांब करून जिने चढलो.

दार उघडलं. जेलरसाहेबांनी फावड्याकडे पाहिलं. खोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"हे काय?"

मी आवाज जड केला. "फार वाईट झालं, साहेब. गुणी होता."

"कोण?"

"हवालदार."

"होता?"

तेवढ्यात आतून आक्काचा आवाज: "आले का डॉक्टर? अहो, लवकर बघा त्याला, मघापासून मान टाकून बसलाय!"

"बसलाय?" मी म्हणालो.

आक्काने जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं होतं. बोका बसला होता आणि मान खाली टाकून बसला होता. ह्यात तिची काय चूक? चूक आपल्या बोलीची. मान टाकली म्हटल्यावर माणूस तिरडीच्या विचाराला लागतो. बॅगेऐवजी फावडं घेऊन आजाऱ्याच्या दारात उभा राहणारा डॉक्टर जगात माझ्याआधी झाला नसेल.

"फावडं बाहेर," जेलरसाहेब म्हणाले. "आत हत्यार येत नाही."

फावडं जिन्यात राहिलं. मी आत, खोकं माझ्या काखेत, आणि मागे दोन वेढे: खाट, खाट.

हवालदार खिडकीखालच्या सतरंजीवर होता. बाई, मी जे पाहिलं ते तुम्ही पाहिलंयच. हनुवटी छातीला चिकटलेली. मानेला हाडच नाही जणू. वर बघायचं झालं तर डोळे तेवढे वर फिरवायचा, खालून, चोरासारखा. आणि श्वास उथळ. मी आलेला पाहून कान मागे टाकायची त्याची इच्छा दिसली, पण तेवढंही त्राण नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

"बॅग लागेल," मी म्हणालो. "हा गेलो आणि हा आलो."

"नाही," जेलरसाहेब म्हणाले.

"अहो, औषध तिथं आहे!"

"नोकरीत हे वाक्य मी फार ऐकलंय. हा गेलो हा आलो म्हणणारा एक जण अजून यायचाय." त्यांनी किल्ली मुठीत आवळली. "तुम्ही ह्याला पुरायला आला होता. ह्याने मान वर केल्याशिवाय तुम्ही ह्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

असं म्हणून त्यांनी, दोन वेढे दिलेले असताना, रागाच्या भरात तिसरा दिला. कुलूप म्हातारं, किल्ली म्हातारी. टक्‌ असा आवाज झाला. दांडा साहेबांच्या मुठीत राहिला आणि दात कुलपाच्या पोटात.

आम्ही तिघं त्या दांड्याकडे बघत उभे राहिलो. खाली यंत्रं धडधडत होती.

"आता?" आक्का म्हणाली.

"आता काय," जेलरसाहेब म्हणाले, आणि तो दांडाच उगाच कुलपाला लावून पाहिला.

मी घरातल्या एकुलत्या एक खिडकीकडे धावलो. खिडकीला गज. गजांना बारीक जाळी, हवालदार पडू नये म्हणून साहेबांनी स्वतःच्या हाताने ठोकलेली. जाळीपलीकडे गोदामाची आंधळी भिंत, हात लांबवला तर लागेल अशी. तिच्यावर एक झरोका नाही, एक माणूस नाही. मी ओरडलो. माझाच आवाज भिंतीला आपटून माझ्या तोंडात परत आला. आम्ही दारावर लाथा मारल्या. लोखंड घुमलं, पण खालच्या यंत्रांत ते विरून गेलं. तुरुंगाचं दार ते, लाथा खायला सरावलेलं.

"यंत्रं कधी थांबतात?" मी विचारलं.

"दिवस मावळता," आक्का म्हणाली. "त्याच्या आधी खाली तोफ उडाली तरी कळायचं नाही कुणाला."

मी हवालदाराकडे पाहिलं. मानेचे स्नायू ढिले पडले की पुढची पाळी छातीच्या स्नायूंची. ते ढिले पडले की श्वास थांबतो. यंत्रं थांबेपर्यंत ह्याचा श्वास टिकेल का, एवढाच प्रश्न होता. बाकी जगात त्या दिवशी दुसरा प्रश्नच नव्हता.

"आणि तुम्ही काहीच हत्यार नव्हतं नेलं?" शिंपी म्हणाला.

"फावडं नेलं होतं. ते जिन्यात."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मग हातात होतं तेवढ्यावर कामाला लागलो. डोळे, कान, बोटं आणि बोकाच. पडला का हा कुठून? नाही, जाळी आहे. हाडं एकेक दाबत गेलो, मणका शाबूत. उंदराचं औषध खाल्लं? घरात उंदीर येतच नाही, म्हणे, दोन वेढे बघून परत जातो. कच्ची मासळी खाऊन खाऊनही मान गळते मांजराची, पण आक्का त्याला मासळी शिजवून घालायची. हिरड्या पाहिल्या, फिकट. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तंबूसारखी तशीच उभी. पोट बोटांनी चाचपलं तर मूत्रपिंडं सुकलेल्या वालासारखी, बारकी आणि खडबडीत.

"पाणी किती पितो हा?"

"अलीकडे विचारू नका," आक्का म्हणाली. "वाडगं भरून ठेवावं, वळावं, तर रिकामं. आणि तेवढंच पुन्हा राखेच्या पाटीत. मी म्हटलं, म्हातारपण. माझंही तेच चाललंय."

डोक्यात दिवा लागला. मूत्रपिंडं थकली की पाण्याबरोबर अंगातलं पोटॅशियमही वाहून जातं. ते गेलं की स्नायूंतला जोर गेला, आणि मांजरात सगळ्यात आधी जाते ती मान. कुत्र्याची अशी गळत नाही. मांजराची गळते. रोग कळला, औषधही कळलं. औषध दवाखान्यात होतं आणि मी कोठडीत.

"साहेब," मी म्हणालो, "रोग सापडला."

जेलरसाहेब दाराकडे पाठ करून भिंतीशी बसले होते. ते म्हणाले, "मला माहीत आहे रोग काय आहे."

"काय?"

ते हातातला किल्लीचा दांडा फिरवत राहिले. कपबशा तेवढ्या किणकिणत होत्या.

"काल ह्याने दुधाचं पातेलं उपडं केलं. मी ह्याला समोर उभं केलं. म्हटलं, लाज नाही वाटत? मान खाली घाल. त्याने घातली. मग मी जेवलो, झोपलो. सकाळी बघतो, तर अजून खालीच. डॉक्टर, मी त्याला वर करायला सांगायचंच विसरलो."

बाई, जन्मभर ज्या माणसाने कैद्यांना माना खाली घालायला लावल्या, त्याची एवढीच खात्री होती की बोक्याने त्याचा हुकूम मानला आणि हुकुमातच मरतोय. मी समजावलं. मूत्रपिंड सांगितलं, पोटॅशियम सांगितलं. ते मान हलवत राहिले. म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात. पण मी त्याला ओळखतो."

दिवस चढला. खोली तापली. वर पत्रा, खाली यंत्रं, समोर भिंत. शाईचा वास फरशीतून वर यायचा. जेलरसाहेब उठले आणि चालायला लागले. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, वळताना भिंतीला बोट लावत. मी बघत राहिलो. हे चालणं त्यांनी आयुष्यभर बाहेरून पाहिलं असणार. एकदा दाराशी थांबले, लोखंडाला हात लावला आणि स्वतःशीच म्हणाले, "आतून असं दिसतं होय हे."

"बस रे एका जागी," आक्का म्हणाली. "चक्कर येईल."

"बसवत नाही."

"मग उभ्यानं खा." तिने दोन अंडी उकडून आणली. एक त्यांना, एक मला. कोंडलेल्या माणसाला भूक लागते की नाही माहीत नाही, मला लागली. मी अंड्याचा घास घेतला आणि तोंड कडू झालं. मीठ होतं, पण मिठासारखं नव्हतं. जिभेला धातू लागल्यासारखं.

"आक्का, अंड्याला काय लावलंत?"

"मीठ. ह्याचं प्रेशरचं. साधं मीठ डॉक्टरांनी बंद केलंय ना ह्याला. मला आवडत नाही मेलं, पण घरात दोन प्रकार कोण ठेवणार?"

"आणि हवालदाराला?"

"त्याला मिठाचा कणही घालत नाही मी. मिशा झडतात."

मी अंडं टाकून स्वयंपाकघरात धावलो. डबा उलटा करून वाचला. रक्तदाबवाल्यांचं मीठ, साधं मीठ कमी, बाकी सगळं पोटॅशियम! अख्खा डबाभर! माझं औषध मघापासून पोळपाटाशेजारी बसलेलं होतं, आणि मी काखेत कळसा घेऊन गावाला वळसा घालत होतो. तोही कोंडलेल्या खोलीत.

"बाबा, रंगवू नका," आतून सूनबाईचा आवाज आला. "तसं मीठ मांजराला घरी कुणी द्यायचं नाही, हे सांगा आधी."

सांगतोच होतो. कारण ह्या औषधाचा स्वभाव असा: कमी पडलं तर श्वास थांबतो, जास्त झालं तर काळीज. तराजू नाही, इंजेक्शन नाही, हृदय ऐकायला नळी नाही. मी चिमटीतली चिमूट घेतली, मासळीच्या कोमट पाण्यात विरघळवली. साहेबांच्या टेबलावर शाईच्या पेनाचा ड्रॉपर होता, तो उकळून घेतला. मग मी सतरंजीवर आडवा झालो, कान हवालदाराच्या बरगड्यांना लावला आणि त्याच्या गालफडात एक थेंब सोडला. थांबायचं. काळजाचे ठोके ऐकायचे. चाल बिघडली नाही ना? मग दुसरा थेंब.

माझं तोंड जिथं, तिथंच त्याचे पंजे. ज्याचं दुकान मी बंद केलं त्याच्या हाताच्या अंतरावर माझा कान. पण उठायची सोय नव्हती. उठलो तर ठोका चुकेल. खोलीत आम्ही तिघं कोंडलेले, आणि त्यात मी आणखी एकदा कोंडलेला, बरगडी आणि फरशीच्या मध्ये. मान अवघडली. पायाला मुंग्या आल्या. खालून यंत्रांची धडधड फरशीतून एका कानात, हवालदाराची धडधड दुसऱ्या कानात. कुठली यंत्राची आणि कुठली जिवाची, हे ओळखत मी दुपार काढली.

"डॉक्टर," मध्येच आक्का हळूच म्हणाली, "श्वास थांबला काय हो?"

"कुणाचा?"

"तुमचा. हलत नाही तुम्ही."

"मी आहे. हा पण आहे."

"आणि मी?" जेलरसाहेब चालता चालता म्हणाले, आणि तिघांनाही एकदम हसू आलं. लगेच आम्ही ते गिळून टाकलं, घरात आजारी असताना हसावं कसं?

एकदा ठोके अडखळले. मी ड्रॉपर दूर केला. एक ठोका, मग काहीच नाही, मग दोन घाईघाईने. माझ्या कपाळावरून घाम त्याच्या पोटावर पडला. आक्काने पदर तोंडात धरला. मी वाट पाहिली. आयुष्यात मी वाट पाहिली असेल ती तेवढीच. मग गाडी पुन्हा रुळाला लागली. मी पुढचा थेंब अर्धाच दिला.

भिंतीवरचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस. आणि एकाएकी खालची धडधड थांबली.

बाई, तुम्हाला सांगतो, शांततेनं कानठळ्या बसतात. कपबशा गप्प झाल्या. आम्ही दाराकडे धावायला हवं होतं, ओरडायला हवं होतं, त्यासाठीच तर दिवसभर थांबलो होतो. पण कुणी हललं नाही. मी बरगडीला कान लावून होतो, आणि त्या शांततेत मला ठोके नीट ऐकू आले. पाऊल मोजून टाकणाऱ्या पहारेकऱ्यासारखे.

जेलरसाहेब खोलीच्या मधोमध उभे राहिले. टाचा जुळवल्या. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"हवालदार," ते म्हणाले. आवाज फुटला, तो त्यांनी पुन्हा जुळवला. "दुधाच्या पातेल्याबाबत तुला दिलेली शिक्षा माफ. मान वर कर."

आणि बोक्याने मान वर केली.

नाही, हसू नका. आधी थरथरली. मग हनुवटी छातीपासून सुटली. मग हळूहळू, जड झाकण उचलावं तशी, वर. त्याने साहेबांकडे पाहिलं. मग इकडे वळून माझ्याकडे पाहिलं, अगदी जवळून. मला ओळखलं. कान मागे गेले. आणि त्याने माझ्या कानाची पाळी अशी ओरबाडली, की ओरडायची आमची जी काही योजना होती ती मी एकट्याने पार पाडली. छापखान्यातले लोक पहार घेऊन धावत वर आले. जिन्यात फावडं होतं, तेही कामी आलं.

खाल्ल्या मिठाला जागणारं मांजर मी तरी पाहिलेलं नाही. मीठ खाऊन हे पहिलं जागं झालं, आणि जागं झाल्या झाल्या मिठाच्या डॉक्टरलाच ओरबाडलं. आणि श्रेय? जेलरसाहेब मरेपर्यंत गावभर सांगत राहिले, मी माफी दिली म्हणून उठला. मिठाचं नाव नाही, माझं तर नाहीच. तरी मी दर आठवड्याला जाऊन त्याला सलाईन देत होतो, मापातलं पोटॅशियम देत होतो. जायला अडचण नव्हती. ते लोखंडी दार साहेबांनी पुन्हा बसवलंच नाही. साधं लाकडी लावलं, आणि त्याची कडीसुद्धा लावायला विसरायचे.

"मग जगला किती तो?" शिंप्याने विचारलं.

"जगला? अहो, मजेत जगला! म्हातारपण काढलं त्याने, आरामात. पुरावा पाहिजे? हा बघा."

माझ्या पायाशी दवाखान्याचा बोका पसरलेला होता, राखाडी, खांद्यात रुंद. मी त्याला बगलेत धरून वर उचलला. त्याने मिशा फेंदारल्या.

"ह्याच्या मिशा बघा. खांदे बघा. हा हवालदाराचा सख्खा नातू. तीच मान, बाई, हात लावून बघा, जन्मात कधी गळली नाही."

मास्तरीणबाईंनी हात लावला नाही. त्या उठल्या होत्या, पण ह्या वेळी दाराकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडे बघतात तसं. पिळलेला पदर त्यांनी सोडला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, दवाखानाभर ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याच्या संसाराचं दुकान तर तुम्हीच बंद केलं होतंत ना? मग आडातच नाही, तर पोहऱ्यात हा नातू आला कुठून?"